बहात्तर किलो वाळू

४ सप्टेंबर

प्रिय पेंटर,

कारण काही नाही, तरी लिहितोय. ताईंचा फोन आला होता. त्यातलं "हॅलो" आणि "ठेवते" एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. आयुष्यभर बसच्या कारखान्यात पत्रे ठोकले, म्हातारपणी हे विमान काढलं, कान उरणार कुठून? तुम्ही दोघं लेकीकडे सुखरूप पोचलात असं मी धरून चाललोय. यापुढे फोन नको. पत्र पाठव, आणि तुझ्या हाताने लिही. अर्ध्या शहराच्या पाट्या रंगवलेला माणूस मला साडू म्हणून मिळालाय, त्याचं अक्षर बघायची सवय झालीय.

पत्रा अजून आलेला नाही. कोपरा दुमडलेला पत्रा परत धाडला तेव्हा कंपनी म्हणाली होती, सहा ते दहा आठवडे. कंपनीचे आठवडे म्हणजे शिंप्याचं "उद्या या". शेजारी विचारतात, विमान कुठवर आलं? मी सांगतो, डावा पंख झाला, शेपूट झालं, चाकांवर उभं आहे, दोन सीटा बसल्या. अडलंय ते उजव्या पंखाच्या खालच्या पत्र्यावर.

परवा शेजारचा सायकलवाला शेडमध्ये डोकावला. म्हणाला, "पत्रा आला की एकटेच का नाही लावून टाकत?" त्याला बसवून समजावलं. रिव्हेटला दोन माणसं लागतात बाबा. मी बाहेरून गन धरणार, माझा साडू पंखाच्या आत कोपरापर्यंत हात घालून लोखंडी ठोकळा धरणार. माझ्या माराने आणि त्याच्या ठोकळ्याने रिव्हेटचं शेपूट आत चेपून त्याचं डोकं होतं. तो मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. ठोकळ्याने पत्र्यावर एक टक केलं की मार. दोन टक म्हणजे ठीक, पुढे चल. तीन टक म्हणजे बिघडला, काढून टाक. मला ऐकू येत नाही, पण पत्र्यावर टेकलेल्या तळहाताला कळतं. सायकलवाला म्हणाला, "म्हणजे सगळा भरवशाचा खेळ." मी म्हटलं, नाहीतर काय!

हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. तू जायच्या आदल्या आठवड्यात आपल्या मुकादम बोक्याने पाडलेला रिव्हेटचा ट्रे निवडायला घेतलाय. मी पाठमोरा होतो, तू "बोका, बोका" ओरडलास म्हणून कळलं. सात मापं एकात एक झालीत. तांदूळ निवडावेत तसा निवडतोय. मुकादमाला तेव्हापासून शेडमध्ये मज्जाव आहे. दाराबाहेर बसून शिव्या देतो.

धाकटी गेली आणि मी घरात एकटा उरलो, तेव्हा तू म्हणाला होतास, "काहीतरी बनवू या." मी म्हटलं, "विमान." आणि तू हसला नाहीस. ते मला रोज आठवतं. आता तू जाताना म्हणालास, "पत्रा आला की कळव, दुसऱ्या दिवशी हजर." तेही आठवतं.

तुझा,
फिटर


१९ सप्टेंबर

फिटर,

दचकू नकोस, वीजमंडळाची नोटीस नाही, मीच आहे. नातीने तिच्या कॉम्प्युटरवर बसवलंय. म्हणते, आजोबा, आता कोण हाताने लिहितं? एका बोटाने एकेक अक्षर हुडकतो. तू रिव्हेट निवडतोयस, मी अक्षरं. दोघांनाही देवाने बरं काम लावलंय.

इथे सातव्या मजल्यावर आहोत. लिफ्टमधली सूचनेची पाटी इतकी तिरकी आहे की मी रोज मान वाकडी करून ती सरळ करतो. सकाळी लेक कामावर, जावई कामावर, नात शाळेत. तुझ्या ताईला खालच्या मजल्यावर एक मैत्रीण मिळाली आहे, ती तिकडे. मग मी आणि फ्रिज. तो मधूनच घरघरतो, मी मधूनच खोकतो, असा आमचा संवाद चालतो. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. तिथे एक म्हातारा आहे. परवा मी हात केला, तर त्याने पडदा ओढला.

नातीला सांभाळायला आलोय असं सगळ्यांना सांगतो. खरं तर नातच आम्हाला सांभाळते.

पत्रा आला की कळव. पण उगाच कंपनीच्या मागे लागू नकोस. घाईत दिलेला माल वाकडाच येतो. येईल तेव्हा येईल.

तुझा,
पेंटर


२ ऑक्टोबर

प्रिय पेंटर,

तुझं पत्र मिळालं. ते पत्र म्हणायचं की पावती, हे ठरेना. सगळी अक्षरं एका उंचीची, तुझा एकही फराटा नाही. म्हातारपणी शिंगं मोडून वासरांत शिरलास. असो. नातीसमोर मिरवायचं असेल तर मिरव, पण मला एखादी ओळ तरी हाताने लिही.

पत्रा नाही. रिव्हेट निवडून झाले. मग धाकटीचं शिवणयंत्र काढलं, तेल घातलं आणि सीटांचे अभ्रे शिवले. पहिला उलटा शिवला. दुसरा सुलटा शिवला, पण माझी बाहीच त्यात शिवली गेली. धाकटी असती तर पोट धरून हसली असती. मी एकटाच हसलो, मग बंद केलं. एकट्याचं हसणं घरात फार वेळ राहतं.

आता एक कामाचं. वजनाचा हिशोब आत्ताच करून ठेवतोय. कोणत्या सीटवर किती भार, मग विमान नाकावर पडतं की शेपटावर, ते कागदावर आधी बघायचं. सीटचीही परीक्षा होईल. माझं वजन अडुसष्ट. तुझं कळव. तेवढ्या वाळूचं पोतं भरून तुझ्या सीटवर ठेवतो. खरं सांग, बायकांसारखं दोन किलो चोरू नकोस. वर गेल्यावर चोरी उघडी पडते.

आणि ताईंना विचार, गुडघा कसा आहे.

तुझा,
फिटर


१४ ऑक्टोबर

फिटर,

बायकांसारखं म्हणालास ते तुझ्या ताईने वाचलं. गुडघा उत्तम आहे आणि तुझ्या पाठीत घालण्याइतका चालतो, असा निरोप आहे.

वजन बहात्तर. चाळिशीपासून तेच आहे. लिहून टाक.

मी मजेत आहे. सकाळी एका व्यायामाच्या बाईंकडे जातो. त्या मुठी आवळा, मुठी सोडा, चेंडू दाबा असलं काही करून घेतात. या वयात बालवाडी! पण बाई चांगल्या आहेत. मी पाट्या रंगवायचो हे सांगितल्यावर त्यांनी मला आणखी एक चेंडू दिला.

कंपनीचं काय म्हणतोस? त्यांना नसेल जमत तर राहू दे की वर्षअखेरपर्यंत. तुला कामं कमी आहेत का? वायरींना चिठ्ठ्या लाव. ड्रिलना धार लाव. शेडची ती कडी नीट कर, वर्षभर तारेने बांधली आहेस. विमान बनवणाऱ्याच्या दाराला कडी नाही, लोक काय म्हणतील!

तुझा,
पेंटर


९ नोव्हेंबर

प्रिय पेंटर,

उत्तराला उशीर झाला. विशेष काही घडलं नाही, म्हणून काय लिहायचं ते सुचेना.

तुझ्या सांगण्यावरून कडी बसवली. वायरींना चिठ्ठ्या लावल्या. ड्रिलना इतकी धार लावली की बघूनच बोट कापेल. टेबलाची डगमग काढली. मग डगमग नसलेल्या टेबलावर काय करायचं, हा प्रश्न आला.

तुझं पोतं भरलं. बहात्तर किलो, तराजूवर मोजून. उचलून सीटवर बसवताना कंबर धरली, तू जाडा आहेस हे त्या दिवशी पटलं. पट्टा बांधला. बांधला नाही तर ते माझ्या सीटवर कलंडतं, तू बसमध्ये झोपल्यावर कलंडतोस तसं. चहा आता मी शेडमध्येच घेतो. लांब खोक्यावर कप ठेवतो, समोर तुझं पोतं. परवा त्याला विचारलं, "अजून एक घेशील?" मग इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं नाही ना. फक्त मुकादम होता, दाराबाहेर. तो कुठे बोलणार नाही.

खरं सांगू? दिवस जातो. संध्याकाळी शेडचा दिवा बंद करायचा असतो ना, तेवढं एक जड जातं. घरात जाऊन काय करायचं ते ठरलेलं नसतं.

विमानाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा हात मारून ठेवलाय. सरकारने दिलेली नोंदणीची अक्षरं तिथे यायची आहेत, वीतभर उंच. त्याच्याखाली, दारापाशी, विमानाचं नाव. ते काम तुझं. तुझे जुने ब्रश मी रॉकेलमध्ये धुऊन ठेवलेत. पत्रा नसला तरी अक्षरांना काही अडलेलं नाही. रविवारी ये, सोमवारी जा.

पत्रा? नाही आला. हल्ली कंपनीला विचारतही नाही.

तुझा,
फिटर


३० नोव्हेंबर

फिटर,

रविवारी जमणार नाही. पुढच्या रविवारीही नाही. इथे खूप गडबड आहे.

अक्षरांचं म्हणशील तर आता चिकटवायची मिळतात. मापात कापून देतात, उन्हापावसात टिकतात. हाताने कोण काढतो हल्ली? तू तीच मागव.

ब्रश कोणाला तरी देऊन टाक.

पेंटर


११ डिसेंबर

प्रिय पेंटर,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ब्रश दिले नाहीत. ते तुझे आहेत, तू येऊन दे.

आज ते लिहायला बसलेलो नाही. ऐक.

वेळ जाईना, म्हणून डावा पंख तपासायला घेतला. तू जायच्या आधी आपण दोघांनी मारलेल्या शेवटच्या दोन रांगा. झाकण उघडून आत आरसा घातला, टॉर्च मारला. पेंटर, त्या रांगांतले निम्मे रिव्हेट वाकडे आहेत. आतली डोकी एका बाजूला झोपलीत. काही तर चेपलेच नाहीत. तीन वेळा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. सायकलवाल्याला बोलावून त्याच्याकडून बघून घेतलं. त्याने टॉर्च परत माझ्या हातात ठेवला, म्हणजे त्यालाही दिसलं.

त्या वेळी मी आत डोकावलो नव्हतो. का डोकावणार? प्रत्येक रिव्हेटला तू दोन टक दिले होतेस, माझ्या तळहाताला जाणवले होते. म्हणजे तुझा ठोकळा सरळ होता. मग राहिलं कोण? माझी गन. माझा हात तिरका पडतोय आणि मला त्याचा पत्ता नाही. कान गेले ते कळलं होतं. हात गेला ते कळलंच नाही.

रिव्हेट काढून दुसरे घालता येतात. प्रश्न तो नाही. ज्याला स्वतःचा हात वाकडा पडलेला कळत नाही, त्याने विमान उडवायचं? खाली चुकलं तर चहा सांडतो. वर चुकलं तर काय, ते तुला सांगायला नको. आणि मी एकटा असतो तर एक वेळ ठीक. दुसऱ्या सीटवर तुला बसवणार होतो. ताईंना मी काय तोंड दाखवलं असतं?

म्हणून ठरवलंय. तंत्रशाळेच्या मास्तरांशी बोललो. ते विमान न्यायला तयार आहेत, मुलांना खोलून-जोडून शिकायला. फुकट देतोय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रक येईल. शेड रिकामी होईल. मग बघू काय करायचं, भाजी बिजी लावीन.

तुझ्यावर राग नाही. तू तुझा ठोकळा चोख धरलास. माझ्याच्याने झालं नाही. तुझं पोतं मात्र अजून सीटवरच आहे, ते खाली काढायचं धाडस होत नाही.

तुझा,
फिटर


२० डिसेंबर

फिटर,

हाताने लिहितोय. लागेल तसं वाच. नातीला टाइप करायला सांगणार होतो, पण हे तुला डोळ्याने बघायला हवं. बघितलंस? हे माझं अक्षर आहे. एक ओळ लिहायला चहा गार होतो.

कंपवात म्हणतात. इथे नातीसाठी आलो नाही, इथल्या डॉक्टरसाठी आलो. मे महिन्यापासून उजवा हात हलतो. तुझ्यापुढे खिशात घालून हिंडायचो. तू म्हणायचास, काय रुबाब आहे!

आता नीट वाच. तुझी गन सरळ होती. त्या दोन रांगांना मी टक दिलेच नव्हते. ठोकळा पत्र्याला लावला की हात हलायचा आणि ठोकळा आपोआप टकटक करायचा. तू ते "ठीक" समजून पुढच्या रिव्हेटवर जायचास. मला थांब म्हणता आलं असतं. तू बहिरा आहेस, ऐकू जाणार नाही, असं मी मनाला सांगितलं आणि तू मारत गेलास. आत माझा हात होता, मला रिव्हेट वाकलेला कळत होता. तरी गप्प बसलो. वाटलं, उद्या नीट धरीन. उद्याही तसंच झालं.

ट्रेही माझ्याच हातून पडला. मुकादमाचा त्या दिवशी काही दोष नव्हता.

आणि एक. तू लिहिलंस, लांब खोक्यावर चहा ठेवतो. मी निघालो तेव्हा शेडमध्ये लांब खोकं नव्हतं. पत्रा आलाय हे मला नोव्हेंबरातच कळलं, फिटर. मी विचारलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. पत्रा आला नाही तोवर मला यायला नको, ठोकळा धरायला नको, तुला काही कळायला नको.

मास्तरांना नाही सांग. तुझा हात चांगला आहे. माझं एवढं ऐक.

हात दुखला. थांबतो.

पेंटर


(त्याच पाकिटात)

भाऊजी,

ह्यांनी हे पत्र लिहायला तीन दिवस घेतले. मधे दोनदा फाडलं. मला हात लावू दिला नाही, म्हणून शेवटी माझाही एक कागद घालते.

तुम्ही दोघं एकमेकांना फसवण्यात इतके हुशार असाल असं मला वाटलं नव्हतं. एकाकडे पत्रा येऊन पडलाय, तो म्हणतो नाही आला. दुसऱ्याला माहीत आहे आला, तो म्हणतो घाई करू नकोस. आणि मी इकडे वेड्यासारखी वाट बघतेय की भाऊजी कधी बोलावतात, म्हणजे हे जरा घराबाहेर पडतील. दिवसभर खिडकीशी बसतात हो. समोरच्या म्हाताऱ्याला हात करायचंही सोडलंय.

तो ठोकळा किती जड असतो? दोन किलो? माझ्या धाकट्या बहिणीला मी कडेवर घेऊन वाढवलं, ती त्याहून जड होती. ठोकळा मी धरते. लोखंड दाबून धरायला काय पदवी लागते? एवढी वर्षं ह्यांना धरून ठेवलंच ना.

वजनाचं ह्यांनी तुम्हाला काही लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका. मी सांगणार नाही, त्यांनाच विचारा.

ताई


२८ डिसेंबर

प्रिय पेंटर,

तुझं पत्र वाचायला मला एक सबंध सकाळ लागली. पहिल्या ओळीवरच इतका वेळ थांबलो होतो की सायकलवाल्याने येऊन विचारलं, कोणी गेलं का? म्हटलं, नाही रे, आहे.

मग रागावलो. तुझ्यावर खूप रागावलो. त्या पंखावर बसून आपण दोघं वर जाणार होतो आणि तुला माहीत होतं. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही, म्हणून लिहिलं. आता झालं.

आता माझं ऐक. हो, पत्रा आलाय. ऑक्टोबर संपता संपता आला. खोकं मी उघडलंही नाही. तुला कळवलं असतं आणि तू आला असतास, तर दोन दिवसांत काम संपलं असतं, तू परत गेला असतास. मग वाट तरी कशाची बघायची होती? आणि कळवूनही तू आला नसतास तर? त्या विचाराने तर खोक्यावर चादरच टाकली. त्यापेक्षा पत्रा न आलेला बरा. कंपनीला बिचारीला मी दोन महिने फुकट नावं ठेवली. तेव्हा तू गप्प बसलास म्हणून तुला बोलायला मला तोंड नाही.

मास्तरांना नाही कळवलं. ते म्हणाले, "का हो, काय झालं?" मी म्हटलं, माझा हात सापडला.

वाकडे रिव्हेट ड्रिलने काढायला घेतलेत. ते काम एकट्याने होतं. ताई म्हणतात तसंच करू. ठोकळा त्या धरतील. तू त्यांच्या शेजारी बसायचं, आरसा आणि टॉर्च घेऊन. टक त्या देतील, पण निकाल तू द्यायचास, प्रत्येक रिव्हेट बघून, तोंडाने. आणि मोठ्याने. मी बहिरा आहे हे कारण आता चालणार नाही.

सरकारी अक्षरं चिकटवायची मागवतो, ती त्यांना मापात लागतात. पण दाराजवळचं नाव तूच काढायचंस. हललं तर हललं. विमान सुरू झाल्यावर सगळंच हलतं, कोणाला कळणार आहे? ब्रश तयार आहेत.

मुकादमाची मी रीतसर माफी मागितली. शेडचं दार उघडून म्हटलं, या साहेब. तो आत आला, सगळं हुंगून बघितलं आणि थेट तुझ्या पोत्यावर जाऊन बसला. चार महिन्यांचा राग होता, नखं लावली. एका कोपऱ्यातून वाळू गळायला लागली, ती मी हाताने दाबून धरली आणि तसाच उभा राहिलो. मग ताईंची वजनाची ओळ आठवली.

पेंटर, वजनाचा हिशोब मी बहात्तरावर केलाय. तो पुन्हा करणार आहे. इथे बसल्या बसल्या मला काही कळत नाही, तू किती उरला आहेस. पोत्याचं तोंड सोडून ठेवलंय, बाजूला रिकामी बादली आहे. खरा आकडा कळव, म्हणजे तेवढी वाळू काढतो. जेवढा असेल तेवढा चालेल.

तुझा,
फिटर